तडामुक्त खुराडं

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता, घराच्या मागच्या अंगणातल्या खुराड्यात एक अंडं तडकलेलं आढळून आलं. घटना तशी किरकोळ होती. परंतु किरकोळ घटनेची रीतसर चौकशी झाली की ती किरकोळ राहत नाही, आणि या घराचं दुर्दैव असं, की रीतसर चौकशी करू शकणारा एक माणूस त्यात राहत होता आणि तो आठ महिन्यांपासून रिकामा होता.

त्यांना सगळे साहेब म्हणत. प्रमाणीकरण खात्यात त्यांनी चौतीस वर्षं खोक्यांवर शिक्के मारले होते. खोक्याच्या आत काय आहे हे पाहण्याचं काम दुसऱ्या विभागाकडे होतं, आणि तो विभाग अद्याप उघडायचा होता. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं साहेबांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि साहेबांनी आपला शिक्का आपणहून खिशात घालून घरी आणला. लाकडी मुठीचा, चांगला वजनदार शिक्का. 'तपासले व योग्य आढळले' असं त्यावर उलट्या अक्षरांत कोरलेलं. आठ महिन्यांत तो पिठाच्या डब्यावर, उशांवर, न्हाणीघराच्या दारावर आणि एकदा वाळत घातलेल्या चादरीवरही उमटला होता.

अंडं सापडलं ते काकूंना. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी आणि गल्लीतल्या लहानथोरांच्या काकू. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या अंगणात पाच कोंबड्या आणि मधल्या घरात साहेब, असा त्यांचा पसारा होता. त्यातलं शिवणयंत्र आणि कोंबड्या त्या सहज सांभाळत.

तडकलेलं अंडं काकूंनी वाटीत फोडलं, त्याचं ऑम्लेट केलं आणि साहेबांपुढे ठेवलं. इथवर सगळं ठीक होतं. मग त्या बोलून बसल्या.

"खुराड्यातल्या पेट्यांमधला पेंढा पातळ झालाय. अंडं थेट फळीवर आपटलं. दुपारी दोन मुठी घालते, म्हणजे झालं."

साहेबांचा घास हातातच राहिला. "कुठलं अंडं?"

"तुम्ही खाताय ते."

साहेबांनी बशी लांब सारली. पुरावा अर्धाअधिक खाऊन झाला होता, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. "पेंढ्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "कारण निश्चित होण्याआधी उपाय केला तर कारण नाहीसं होतं. मग चौकशी कशाची करायची?"

"अहो, कारण नाहीसं व्हावं म्हणूनच उपाय करतात ना?"

"हा बाहेरच्या माणसाचा दृष्टिकोन झाला," साहेब म्हणाले. एकतीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार करूनही काकू बाहेरच्याच राहिल्या होत्या.

मागच्या कुंपणभिंतीपलीकडे नर्सबाई राहायच्या. त्या कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या कानावर हे सगळं गेलंच, कारण साहेब घरातही सभागृहात बोलल्यासारखे बोलत. "काकू," त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "पेंढा जाड घाला, अंडी सकाळी लवकर उचला आणि कवच टणक व्हायला शिंपल्यांचा चुरा खाऊ घाला. विषय संपला." नर्सबाईंना वाटलं, त्यांनी मदत केली. विषय संपवणारा सल्ला साहेबांना कधीच आवडत नसे.

तासाभरात खुराड्याच्या दारावर कागद लागला. 'घटनास्थळ जैसे थे ठेवण्यात यावे. हुकुमावरून.' खाली शिक्का. कोंबड्या त्या कागदाखालून वाकून आत-बाहेर करू लागल्या. मंगळवारी दोन अंडी तडकली.

साहेबांचा चेहरा उजळला. गेल्या आठ महिन्यांत काकूंनी तो इतका उजळलेला पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही क्षणभर बरं वाटलं. माणूस निवृत्त झाल्यापासून खिडकीशी बसून गल्लीतून जाणाऱ्या सायकली मोजत होता. निदान आता अंगणात तरी जाईल, असं त्यांच्या मनात आलं. ही चूक पुढे त्यांना फार महाग पडली.

"हा योगायोग नाही, ही प्रवृत्ती आहे," साहेब म्हणाले. "मी 'शून्य तडा अभियान' हाती घेतोय. मुदत एक महिना. महिनाअखेर तड्यांचं प्रमाण शून्यावर आलं नाही, तर कोंबड्यांबाबत अंतिम निर्णय घ्यावा लागेल."

"अंतिम म्हणजे?"

"अंतिम म्हणजे अंतिम."

काकूंनी अंगणाकडे पाहिलं. लंगडी तिथे पायरीवर बसून ऊन खात होती. पाचांतली ही सर्वांत लहान. अंड्यातून निघाली तेव्हाच तिचा डावा पाय वाकडा होता. इतर पिल्लं तिला तुडवत म्हणून काकूंनी तिला शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये, चिंध्यांच्या ढिगात वाढवली होती. यंत्र सुरू झालं की ती गप्प झोपायची. अजूनही काकू शिवायला बसल्या की ती खुरडत पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसे. अंतिम निर्णयाचा अर्थ काकूंना चांगलाच कळला होता, आणि तो पातेल्यात संपत होता.

बुधवारपासून अंडी उचलण्याची वेळ बदलली. काकू रोज सव्वासातला अंडी उचलत. साहेबांच्या मते हे अनियमित होतं. "खात्यात साडेदहाच्या आत कुठल्याही मालाची तपासणी झाल्याचा दाखला नाही. मी येऊन पाहिल्याशिवाय अंडं जागेवरून हलता कामा नये."

"पण कोंबड्या त्याच पेटीत परत परत शिरतात. एकीच्या अंड्यावर दुसरी बसते, तिसरी पाय देते."

"मग तेही तपासात येईल."

तेही तपासात आलं. साडेदहापर्यंत पेटीत तीन-तीन अंडी साचत आणि त्यांच्यावरून कोंबड्या घुसत, मग एकमेकींना चोची मारत. साहेब साडेदहाला पायांत बूट, कानावर पेन्सिल असे हजर होत. प्रत्येक अंडं उन्हाकडे धरून तड्याचा प्रकार ठरवत. केसतडा, दृश्य तडा आणि गळका तडा असे तीन प्रकार त्यांनी पहिल्या आठवड्यात पाडले. दुसऱ्या आठवड्यात श्राव्य तडा हा चौथा आला. तो कानाशी अंडं हलवून ओळखायचा. या परीक्षेत दोन धड अंडी साहेबांच्या हातून तडकली. त्यांची नोंद 'मूळचाच दोष, तपासणीत उघड झाला' अशी करण्यात आली.

गर्दीवर उपाय म्हणून सुताराला बोलावण्यात आलं. पेट्या तीन होत्या, त्या पाच करायच्या. म्हणजे कोंबडीमागे एक. सुतारानं दोन पेट्या ठोकून दिल्या. साहेबांनी प्रत्येक पेटीवर क्रमांक रंगवले आणि कोंबड्यांना वाटपपत्रं वाचून दाखवली. लंगडीला शेवटची, पाच नंबरची पेटी मिळाली. दुसऱ्या दिवशी पाचही कोंबड्या मधल्या, तीन नंबरच्या पेटीपुढे रांग लावून उभ्या होत्या. त्यांना पूर्वीपासून तीच आवडायची. एक आत बसलेली, दुसरी तिच्या पाठीवर, बाकीच्या बाहेर तिला शिव्या घालताहेत.

"पेट्या रिकाम्या आहेत आणि रांग लागलीये!" साहेब खवळले.

"तुमच्या खात्यातही एकाच खिडकीपुढे रांग असायची," काकू म्हणाल्या. "बाकीच्या चार उघड्या असून."

"त्या उघड्या दिसायच्या," साहेब म्हणाले. "उघड्या नव्हत्या."

तिसऱ्या आठवड्यात साहेबांना कुठेसं वाचायला मिळालं, की पेटीचा तळ किंचित उतरता केला तर अंडं आपोआप घरंगळत पुढच्या खणात येतं आणि कोंबडीच्या पायाखाली सापडत नाही. कल्पना चांगली होती. असल्या चांगल्या कल्पना जगात भरपूर आहेत. त्यांचं जे काही होतं ते अंमलबजावणीत होतं. सुतार परत आला.

"उतार किती ठेवू?" त्यानं विचारलं.

साहेबांनी जुन्या फायली काढल्या. खात्यानं आजवर एकाच वस्तूचा उतार प्रमाणित केला होता, आणि ती म्हणजे छपरावरच्या पावसाच्या पाण्याची पन्हळ.

सुतारानं डोकं खाजवलं. "साहेब, पाणी खाली आपटलं तर त्याला काही होत नाही. अंड्याला होतं."

"प्रमाणित उतार हाच एक आहे. दुसरा लावला तर तो अप्रमाणित होईल."

"मग पुढच्या खणात एखादं फडकं तरी टाका. जाडसर."

"माझ्याकडे चिंध्या पोत्यानं पडल्यात," काकू घाईनं म्हणाल्या. "आत्ता आणते."

"फडक्याची जाडी ठरलेली नाही," साहेब म्हणाले. "आणि तो उरलासुरला पेंढाही काढून टाका. घरंगळायला अडथळा होतो."

सुतारानं काकूंकडे पाहिलं, काकूंनी सुताराकडे. मग सुतारानं काम केलं, कारण त्याला घरी जायचं होतं.

गुरुवारी सकाळी पहिल्या कोंबडीनं अंडं घातलं. ते फळीवर पडलं, सूं करून उतारावरून सुटलं आणि पुढच्या लाकडी पट्टीवर आपटलं. टक! आवाज ऐकून कोंबडी किंचाळत बाहेर पळाली, तिच्यामागे बाकीच्या चारही. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. खणात पिवळं-पांढरं पाणी झालं होतं आणि थोड्या वेळानं परतलेल्या कोंबड्यांनी त्यात चोची घातल्या. त्यांना अंड्याची चव लागली. त्या दिवसापासून खाली आपटलेलं अंडं साडेदहापर्यंत उरेचना.

साहेबांनी रिकामे खण पाहिले. तडकलेलं अंडं एकही नव्हतं. "लक्षणीय सुधारणा," असं लिहून त्यांनी शिक्का मारला. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की अंडीही नाहीत. मग निकष सुधारण्यात आला: शून्य तडा, आणि प्रत्येक पेटीत रोज निदान एक अखंड अंडं. ज्या पेटीत ते नसेल, त्या पेटीच्या कोंबडीबाबत शनिवारी अंतिम निर्णय.

आणि लंगडीनं तर अंडं घालणंच बंद केलं होतं. त्या 'टक'नं ती अशी काही भेदरली, की पेटीजवळ जाईना. चार कोंबड्यांची गोष्ट वेगळी, त्या कशातूनही निभावून जातील अशा बेरकी होत्या. लंगडीचं नाव यादीत पहिलं लागणार, हे उघड होतं.

शुक्रवारी काकूंनी पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. घरात पाच कोंबड्या असताना अंडी विकत घ्यायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे त्या चोरासारख्या उभ्या राहिल्या. दुकानात अंड्यांचे ट्रे मांडलेले होते. पांढरी, एकसारखी अंडी. प्रत्येकावर निळ्या शाईत तारीख आणि 'तपासले' असा छोटा गोल शिक्का. काकूंनी ट्रेमधलं एक अंडं उचललं, तर ते खालून तडकलेलं.

"हे फुटलंय हो," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

"आमच्याकडे येताना सगळी धड असतात, काकू," दुकानदार म्हणाला. "पण गिऱ्हाईकाच्या हातून दाबलं जातं, नाहीतर घेतलेल्यात एखादं तडकलेलं निघतं. मग तो इकडेतिकडे बघतो, ते हळूच दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवतो आणि तिथलं चांगलं आपल्याकडे घेतो. तडा खाली, शिक्का वर. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर चालतं. बोलणार कुणाला? सगळी ओळखीची, भली माणसं."

काकूंनी ते तडकलेलं अंडं दुकानदाराच्या हातात दिलं, धड पाहून सहा घेतली आणि घरी आल्या. शनिवारी पहाटे त्यांनी पाच नंबरच्या पेटीच्या खणात एक पांढरं अंडं अलगद ठेवून दिलं. शिक्का पुसायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

साडेदहाला साहेब आले. एक ते चार नंबरच्या पेट्यांत नेहमीचा चिकट प्रकार. पाच नंबरशी मात्र ते थबकले, खाली वाकले. लंगडी लालसर तपकिरी अंडी घालते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आता सगळं उघडं पडणार.

साहेबांनी अंडं उचललं आणि चष्मा वर केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"शिक्का!" ते म्हणाले.

"अहो, ते मी..."

"थांब. बघ, नीट बघ. तारखेसकट! मी इथे तीन आठवडे कंठशोष करतोय, आणि या एका मुक्या जिवानं ते मनावर घेतलं." चौतीस वर्षांत साहेबांनी शिक्क्याच्या पलीकडे कधी पाहिलं नव्हतं, आणि आता या वयात ते पाहायला लागतील अशी अपेक्षा करणं काकूंनाही क्रूरपणाचं वाटलं. लंगडीचं नाव यादीतून निघालं होतं, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

पुढचे पाच दिवस पाच नंबरच्या पेटीत रोज एक शिक्क्याचं अंडं निघालं आणि एकालाही तडा नव्हता. बिनशिक्क्याची सगळी अंडी मात्र फुटत होती. साहेबांनी दोन्ही रकाने शेजारी शेजारी लिहिले आणि त्यातून जो निष्कर्ष निघायचा तो निघाला: शिक्का असलेल्या अंड्याला तडा जात नाही. म्हणजे तड्याचं खरं कारण पेंढा, उतार, गर्दी यांपैकी काहीच नव्हतं. खरं कारण होतं प्रमाणीकरणाचा अभाव. हे सगळं आधीपासून आपल्याला माहीत होतं, असं त्यांना राहून राहून वाटू लागलं. इतर चार कोंबड्यांचा अंतिम निर्णय तूर्त पुढे ढकलून त्यांना नोटिसा देण्यात आल्या आणि लंगडीच्या गळ्यात 'आदर्श' अशी चिठ्ठी बांधण्यात आली. ती चिठ्ठी तिनं दुपारपर्यंत खाल्ली.

मग साहेबांनी आपल्या जुन्या खात्याला सविस्तर अहवाल पाठवला. खात्यात बऱ्याच दिवसांत काही घडलं नव्हतं. उलट टपाली उत्तर आलं: खुद्द मोठे साहेब प्रात्यक्षिक पाहायला येत आहेत.

"प्रात्यक्षिक कसलं?" काकूंनी विचारलं.

"त्यांच्यासमोर लंगडी अंडं घालणार. शिक्क्याचं."

"आणि नाही घातलं तर?"

साहेबांनी आवाज खाली आणला. "असं बोलू नकोस गं. माझी चौतीस वर्षं पणाला लागलीयेत." त्यांचा चेहरा असा केविलवाणा झाला, की काकूंना राग आणि कणव दोन्ही एकदम आली आणि कशाला आधी वाट द्यावी हे कळेना. "तिला जाऊन समजावते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी खरोखरच समजावलं. त्या संध्याकाळी त्यांनी लंगडीला मांडीवर घेतलं, शिंपल्यांचा चुरा भरवला, पाठीवरून हात फिरवला. पाच नंबरच्या पेटीत आणि खणात चिंध्यांचा जाड थर दाबून बसवला. सकाळी पाहुणे यायच्या आत एक पांढरं अंडं तिथे सरकवून द्यायचं, असा त्यांचा बेत होता. परंतु सकाळी त्या अंगणात आल्या तेव्हा खुराड्याला कुलूप होतं. प्रात्यक्षिकाची विश्वासार्हता टिकावी म्हणून साहेबांनी ते लावलं होतं आणि किल्ली मोठ्या साहेबांसाठी पाकिटात बंद केली होती.

दहा वाजता मोठे साहेब आले. हा गृहस्थ आडवा, गंभीर आणि घाम फार येणारा होता. अंगणात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. भिंतीपलीकडे नर्सबाई स्टुलावर उभ्या राहून बघत होत्या. कुलूप उघडलं, आणि पाच नंबरच्या पेटीसमोर सगळे गोळा झाले. काकूंच्या पदराच्या गाठीत दुकानातून नव्यानं आणलेलं अंडं होतं. ते ठेवायला फट मिळेना.

लंगडी बाहेर आली. तिनं मोठ्या साहेबांच्या बुटाकडे पाहिलं. मग खुरडत पेटीत शिरली, पायानं चिंध्या चाचपल्या, ड्रॉवरमध्ये असताना करायची तसा चिंध्यांत खळगा केला आणि डोळे मिटून बसली. पंधरा मिनिटांनी ती उठली आणि अंगणभर ऐकू जाईल असं ओरडली.

चिंध्यांत एक अंडं होतं. लालसर तपकिरी, ओलसर, ऊन ऊन. केसाएवढाही तडा नव्हता.

काकूंना रडूच आलं. पेट्यांना उतार दिल्यापासून या अंगणातलं ते पहिलं खरं, धड अंडं होतं. नर्सबाईंनी स्टुलावरूनच टाळ्या वाजवल्या.

मोठ्या साहेबांनी अंडं उचललं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "शिक्का कुठाय?"

साहेबांनी अंडं घेतलं आणि चारही बाजूंनी फिरवलं.

"सर, अंडं धड आहे की!" काकू म्हणाल्या. "बघा तरी. कुठे तडा आहे का? चिंध्या घातल्या, म्हणून—"

"प्रश्न तड्याचा नाही, बाई," मोठे साहेब म्हणाले. "हे अंडं तपासलेलं नाही. न तपासलेल्या अंड्याला तडा नाही, हे आपण कशावरून म्हणता?"

"राहून गेला असेल, सर," साहेब घाईघाईनं म्हणाले. "पाहुणे पाहून बिचारी गडबडली. मी मारून देतो."

आणि त्यांनी खिशातून शिक्का काढला, शाईवर दाबला आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं, खोक्यावर मारतात तसा, अंड्यावर मारला.

मोठ्या साहेबांच्या शर्टावरचं पिवळं साबणानं निघालं नाही, असं नंतर कळवण्यात आलं.

मोठ्या साहेबांचा अहवाल त्याच दिवशी झाला. 'शिक्क्याचा सर्वसाधारण आघात सहन करू न शकणारे निकृष्ट कवच आढळले. पाचही कोंबड्या अपात्र. त्यांची खुराड्याच्या हद्दीबाहेर विल्हेवाट लावण्यात यावी.' साहेबांनी तो काकूंसमोर ठेवला. वर पाहिलं नाही. "वरूनच आलंय," म्हणाले. "माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात शिक्का होता," काकू म्हणाल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्यावर इतक्या संतापल्या होत्या, की आवाज चढवायचंही सुचलं नाही. त्यांनी हुकूम दोनदा वाचला. मग अंगणात गेल्या आणि एकेक कोंबडी उचलून भिंतीपलीकडे नर्सबाईंच्या हातात दिली. शेवटी लंगडी. परत येऊन कागदाखाली लिहिलं, 'हद्दीबाहेर विल्हेवाट लावली', आणि तो साहेबांपुढे धरला. साहेबांनी कुठे, कशी, काही विचारलं नाही. शिक्का मारला. पलीकडे पाच कोंबड्या कलकलाट करत होत्या, तो त्यांच्या कानावर येत होता. पण कागद पूर्ण झाला होता.

आता या गोष्टीला सहा महिने झाले. खुराड्यात एकाही अंड्याला तडा गेलेला नाही. खात्यानं 'सलग शून्य तडा' असं प्रमाणपत्र चौकटीत घालून पाठवलं आहे, आणि साहेब रोज साडेदहाला बूट घालून जातात आणि पाच रिकाम्या पेट्या तपासून येतात. त्यांना करमत नाही, हे काकूंना दिसतं. लंगडी ओरडली की ते हातातला पेपर खाली करून भिंतीकडे पाहतात आणि मग पुन्हा वर धरतात.

काकू रोज सव्वासातला भिंतीपलीकडे जातात. तिथे फळांची जुनी खोकी आहेत आणि त्यांत ढोपरभर पेंढा. येताना त्या एक ऊन अंडं घेऊन येतात आणि साहेबांपुढे ठेवतात.

"घ्या. लंगडीचं आहे."

"शिक्का नाही," साहेब म्हणतात आणि पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातात.

परवा त्यांनी आणलेल्या सहांतलं एक वाटीवर धरताच हातातच ओघळलं. खालून आरपार तडकलेलं होतं. साहेबांनी कवच उन्हाकडे धरलं आणि शिक्का पुन्हा वाचला.

"मी स्वतः पाहून घेतलं होतं. शिक्का अगदी ठळक होता."

"खालून पाहिलंत?"

"खाली शिक्का नसतो," साहेब म्हणाले. मग दुखावलेल्या आवाजात, "पण त्या ट्रेमध्ये हे ठेवलं तरी कुणी?"

त्याची रीतसर चौकशी आता सुरू झाली आहे. दुकानदारानं जबाबात एवढंच सांगितलं, की साहेब यायच्या पाच मिनिटं आधी एक ओळखीचं, भलं गिऱ्हाईक येऊन गेलं. त्यानं आपलं एक अंडं हलवून पाहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि ते शेजारच्या ट्रेमध्ये तडा खाली करून ठेवलं. नाव सांगायला दुकानदार तयार नाही. तुम्ही घाबरू नका. तो तुमचंही नाव सांगणार नाही.